डाग जातात का?

गेल्या पावसाळ्यात आत्याला दोनदा गरगरलं. एकदा ओट्यापाशी, एकदा पहाटे कूस बदलताना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी "वय ७७ आहे, एकदा बघून घेऊ" म्हणून एमआरआय काढायला लावला. गरगरण्याचं कारण मेंदूत नव्हतंच, कानात होतं. कानातले सूक्ष्म खडे जागचे हलले होते, आणि मान एका ठरावीक पद्धतीनं वळवून डॉक्टरांनी पाच मिनिटांत ते परत जागेवर आणले. पण तोवर एमआरआयचा रिपोर्ट घरी येऊन पडला होता.

त्यातली शेवटून दुसरी ओळ अशी: पेरिव्हेंट्रिक्युलर आणि डीप व्हाइट मॅटरमध्ये हायपरइंटेन्सिटीज, क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड वन. आत्याच्या नातवानं ती ओळ गुगलला घातली आणि तासाभरात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'डिमेन्शिया' हा शब्द तीनदा येऊन गेला. मी तेव्हा सुट्टीला गेले होते, म्हणून कागद माझ्या हातात आला.

"मराठीत सांग," आत्या म्हणाली.

"मेंदूत बारीक बारीक पांढरे डाग दिसतायत. वयानं येतात."

"डाग?" तिनं पदराकडे पाहिलं, हळदीचा डाग शोधावा तसं. "मग जातात का?"

मी हसले. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात डॉक्टरांनी २००६ साली ५०३ माणसं निवडली आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांनाच परत परत बोलावलं, ते जवळजवळ ह्याच प्रश्नासाठी: हे डाग वाढतात का, कुणाचे वाढतात, किती वेगानं, आणि वाढले की माणसाचं काय होतं.

आधी डाग म्हणजे काय ते बघू.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण घेतो त्या प्राणवायूतला २० टक्क्यांच्या आसपास वाटा एकटा मेंदू घेतो. साठवण मात्र त्याच्याकडे जवळपास नाही. रक्त सतत यायला हवं. मानेतून चार मोठ्या धमन्या वर चढतात, मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जातात, मग त्यांच्या फांद्या पृष्ठभागावर पसरतात, आणि वरून-खालून हजारो बारीक वाहिन्या आत शिरतात. कितीतरी वाहिन्या आपल्या केसाएवढ्या किंवा त्याहून बारीक असतात. ह्या आतल्या वाहिन्यांना आपसात फारसे जोड नसतात. एक बंद पडली तर शेजारची तिच्या वाटणीचं रक्त पोचवेल, अशी सोय नाही.

आत्याच्या सासरचं शेत कालव्याच्या चारीवर आहे, तेही टेलला, म्हणजे चारीच्या अगदी शेवटी. त्यामुळे तिला हे समजावताना मला फार बोलावं लागलं नाही. मुख्य कालवा काठोकाठ वाहत असतो, वरच्या शेतांना पाणी मिळतं, आणि टेलवाल्याच्या उसाची पानं पिवळी पडायला लागतात, कारण मधल्या चारीच्या कडा ढासळलेल्या असतात. मेंदूच्या आत खोलवर जो पांढरा भाग आहे, ज्यातून मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारा जातात, तो असाच टेलला आहे. रक्त कमी पडायला लागलं की पहिली झळ तिथे लागते.

चारी बिघडते म्हणजे नेमकं काय होतं? हृदयाच्या धमन्यांत चरबी साचते, ब्लॉकेज होतं, हे आता गावोगावी माहीत आहे. मेंदूच्या बारीक वाहिन्यांचं दुखणं सहसा वेगळं असतं. इथे भिंतच बदलते. भिंतीत स्नायूंचा जो लवचीक थर असतो तो झिजतो आणि त्याची जागा ताठर तंतू घेतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथली वाहिनी रुंदावून जास्त रक्त सोडते. ताठरलेली वाहिनी रुंदावत नाही. शिवाय तिची भिंत झिरपायला लागते, आणि रक्तातलं जे मेंदूत जायला नको ते थोडं थोडं आत जातं. ह्या सगळ्याला हातभार लावण्यात वाढत्या वयाखालोखाल पहिला नंबर बीपीचा. मग शुगर, तंबाखू. थोड्या घराण्यांत हा आजार जनुकातूनच येतो. कॅडासिल नावाच्या अशा आजाराचं नॉच-थ्री हे जनुक १९९६ साली सापडलं, तेही पिढ्यान्‌पिढ्या पक्षाघाताचे झटके येणाऱ्या फ्रेंच कुटुंबांच्या अभ्यासातून. आणि एका प्रकारात वाहिनीच्या भिंतीत अमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं. आत्याच्या बाबतीत ह्यातलं काय, तर ३० वर्षांचं बीपी. गोळी कधी घ्यायची, कधी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची.

ह्या वाहिन्या साध्या एमआरआयवर दिसतच नाहीत. त्या चित्रातला एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा, आणि ह्या वाहिन्या त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आपल्याला दिसतं ते पिवळं पडलेलं शेत. चारीचं काय झालं ते त्यावरून ओळखायचं. म्हणूनच बॉस्टनमध्ये सी. मिलर फिशर ह्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूचे पातळ काप एकामागून एक काढून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका वाहिनीचा माग घेतला. आज आपण ह्या आजाराच्या मुळाशी काय आहे असं जे बोलतो, त्यातलं बरंचसं अजूनही त्या कापांवर उभं आहे.

शेत तीन-चार तऱ्हांनी खराब होतं. सगळ्यात जास्त दिसतात ते आत्याच्या रिपोर्टातले पांढरे डाग. १९८७ साली कॅनडातले व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना ग्रीक शब्द जोडून एक नाव दिलं, ल्यूकोअरायोसिस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ विरळ झालेलं. आपल्याकडे जुन्या सुती साडीबद्दल म्हणतात ना, फाटली नाही पण विरली, उजेडात धरली की आरपार दिसतं? तसं. दुसरी तऱ्हा म्हणजे छोटी पोकळी: एखादी वाहिनी पूर्ण बंद पडली की तेवढा तुकडा मरतो आणि ३ ते १५ मिलिमीटरचं पाण्यानं भरलेलं भोक उरतं. १८३८ पासून फ्रेंच डॉक्टर त्याला लॅक्यून म्हणत आले आहेत. तिसरी, वाहिनीतून रक्ताचा थेंब बाहेर पडून राहिलेला काळा ठिपका. आणि ह्या सगळ्यासोबत मेंदू हळूहळू आकसणं.

पोकळी करणारा झटका महत्त्वाच्या जागी बसला तर हात लुळा पडतो, बोलणं बोबडं होतं, म्हणजे सरळसरळ पक्षाघात. रक्त अडल्यामुळे येणाऱ्या पक्षाघातांतला साधारण एक चतुर्थांश वाटा ह्या बारीक वाहिन्यांचा. पण असंख्य वेळा तो अशा जागी बसतो की माणसाला पत्ताही लागत नाही.

आता खरी अडचण. १९९०च्या दशकात रॉटरडॅमला ६० ते ९० वयाच्या १,०७७ लोकांचे एमआरआय काढले गेले. हे दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हते, शहरातले साधे नागरिक होते. त्यांपैकी एकही पांढरा डाग नाही असे निघाले जेमतेम ५ टक्के. म्हणजे १०० म्हाताऱ्यांत ९५ जणांना कमीजास्त डाग. ह्या अभ्यासाचा २००१ सालचा शोधनिबंध ज्यांच्या नावानं सुरू होतो ते फ्रँक-एरिक द लेउव हेच पुढे नायमेखनला गेले. मला ह्यात एक सरळ ओळ दिसते. डाग जवळजवळ सगळ्यांनाच असतील, तर 'डाग आहेत' ह्या वाक्याला अर्थ काय उरला? त्या ९५ मधले बरेचसे नव्वदीतही पेपर वाचतात, हिशेब ठेवतात. थोड्यांचं मात्र चालणं-बोलणं-सुचणं बंद होत जातं. दोघांचे रिपोर्ट साठाव्या वर्षी सारखेच दिसू शकतात. फरक कळणार कसा?

एकदाच सगळ्यांचे फोटो काढून तो कळत नाही. कुणी म्हणेल, का नाही, ६० वर्षांच्यांचे डाग मोजा, ८० वर्षांच्यांचे मोजा, वजाबाकी करा. तशी वजाबाकी करायची तर आपल्या घरातल्या आज्या पाच फुटांच्या आत आणि नाती साडेपाच फूट, म्हणून बाई म्हातारपणी सहा इंच खचते, असंही म्हणता येईल. आजी वेगळ्या काळात वाढली, वेगळं जेवली, वेगळी आजारी पडली. नेदरलँड्समध्ये तर २००६ साली जे ८० वर्षांचे होते त्यांनी १९४४-४५ च्या हिवाळ्यातली उपासमार ऐन तारुण्यात काढली होती. माणूस कसा बदलतो हे बघायचं तर तोच माणूस परत आणून बसवावा लागतो. दुसरा रस्ता नाही.

नायमेखनच्या अभ्यासाचं नाव रन डीएमसी. रॅडबाउड युनिव्हर्सिटी नायमेखन, पुढे डिफ्यूजन टेन्सर आणि मॅग्नेटिक रेझोनन्स ह्या एमआरआयच्या दोन पद्धतींची आद्याक्षरं, आणि शेवटचं सी कोहॉर्टचं, म्हणजे परत परत तपासायच्या गटाचं. अमेरिकेत १९८०च्या दशकात गाजलेल्या एका रॅप गटाचं नाव अगदी हेच आहे; नाव ठेवताना कुणीतरी गालातल्या गालात हसलं असणार असं मला वाटतं. ५० ते ८५ वयाची ५०३ माणसं, जी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत काही ना काही कारणानं आली होती आणि ज्यांच्या स्कॅनवर बारीक वाहिन्यांच्या आजाराच्या खुणा होत्या, पण ज्यांना अजून स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन्ससारखा त्रास नव्हता. २००६ मध्ये पहिली फेरी, मग २०११, २०१५ आणि २०२०. दर फेरीला एमआरआय, बीपी, तासन्‌तास चालणाऱ्या स्मरणाच्या आणि विचाराच्या चाचण्या, मनःस्थितीबद्दलचे प्रश्न, आणि चालून दाखवणं.

ह्या चालून दाखवण्यावर मी जरा रेंगाळणार आहे. जमिनीवर एक गालिचा अंथरलेला असतो, ५.६ मीटर लांब, आत सेन्सर बसवलेले. माणूस त्यावरून आपल्या नेहमीच्या चालीनं जातो आणि प्रत्येक पाऊल कुठे, किती दाबून, किती वेळ पडलं ह्याची नोंद होते. ज्यांच्या मेंदूत डाग आणि पोकळ्या जास्त, त्यांची चाल संथ निघाली. आणि मुख्य म्हणजे पाऊल आखूड निघालं. आपल्याला हे दिसत असतं, फक्त आपण नाव वेगळं देतो: 'बाबा आताशा पाय ओढत चालतात', 'गुडघ्यानं धरलंय'. गुडघा असतोच कित्येकदा. पण पाय उचलण्याचा हुकूम मेंदूच्या पुढच्या भागातून निघून खोलातल्या तारांमधून खाली जातो, आणि तारा विरल्या की हुकूम अडखळतो. गंमत अशी की हे सगळं मोजलं जातंय ते नायमेखनला. दर जुलैत तिथे चार दिवस पायी चालण्याचा मोठा मेळा भरतो, हजारो लोक रोज ३० ते ५० किलोमीटर चालतात. आपल्या वारीवाल्यांना हे गाव परकं वाटणार नाही.

एमआरआयच्या त्या दोन पद्धतींपैकी डिफ्यूजन टेन्सरबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण अभ्यासाच्या नावातच ती आहे. उसाच्या सरीत पाणी सोडलं की ते सरीच्या दिशेनं धावतं, आडवं जात नाही. मेंदूच्या तारांतही पाण्याचे रेणू तारेच्या लांबीच्या दिशेनं जास्त सरकतात. ही पद्धत ते सरकणं मोजते. सरीचे वरंबे फुटले की पाणी सैरभैर पसरतं, तसं जिथे तारा विरल्या तिथे पाणी सगळीकडे सारखंच जायला लागतं. डॉक्टरांना ह्यातून एक गोष्ट दिसली: साध्या एमआरआयवर जो भाग धडधाकट दिसतो तोही पुष्कळदा आतून विरायला लागलेला असतो. डाग दिसतो ती बरीच उशिराची पायरी.

असा अभ्यास चालवणं हे शास्त्राइतकंच घर चालवण्याचं काम आहे. ९ वर्षांनी तुलना करायची तर २००६ चं चित्र आणि २०१५ चं चित्र एका मापाचं हवं. मधल्या काळात रुग्णालयांत जास्त ताकदीची, जास्त देखणी चित्रं काढणारी यंत्रं आली. पण इथे तो मोह आवरावा लागतो: जुन्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्राशी तुलना करायची तर पुढच्या फेऱ्याही १.५ टेस्लावरच. नाहीतर नव्या यंत्रात जास्त डाग दिसतील आणि आजार वाढला की चष्मा सुधारला, हेच कळणार नाही.

त्याहून कठीण म्हणजे माणसं. २००६, २०११ आणि २०१५ अशा तिन्ही वेळा ज्यांचे एमआरआय झाले असे ५०३ मधले उरले २७६. काही वारले, काहींना आता यंत्रात आडवं पडणं जमेना, काहींना कंटाळा आला. आणि गळणारे लोक सरसकट गळत नाहीत. जे जास्त आजारी तेच आधी गळतात. त्यामुळे शेवटपर्यंत टिकलेल्यांकडे बघून आजाराचा अंदाज घेतला तर तो खऱ्यापेक्षा सौम्यच निघणार. वाढदिवसाला शाळेतले जुने मित्र जमले आणि सगळे ठणठणीत दिसले तरी जे आलेच नाहीत त्यांचं काय, तसं. म्हणून संशोधक न येणाऱ्यांच्याही मागावर राहतात: फोन करायचे, फॅमिली डॉक्टरांकडून कळवून घ्यायचं. आपल्याकडे ह्या जातीचं काम कसं चालतं ते बघायचं असेल तर पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा अभ्यास आहे. विषय वेगळा, गरोदर आईचं पोषण आणि मुलाचा पुढचा मधुमेह. पण तेव्हा पोटात असलेली मुलं मोठी होऊनही तपासणीला येत राहिली, ती यंत्रांमुळे नाही. गावात ये-जा असलेल्या, घरोघरी ओळख असलेल्या माणसांमुळे.

आता आत्याच्या प्रश्नाकडे.

त्या २७६ जणांची ९ वर्षांची चित्रं ओळीनं लावली तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती अशी की आजार सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या टप्प्यात हळू, नंतरच्या टप्प्यात जास्त वेगानं. ज्याच्याकडे आधीच डाग जास्त होते, त्याचे जास्त वाढले. आणि ज्यांचे सुरुवातीला सौम्य होते, त्यांच्यातला कुणीही ९ वर्षांत तीव्र गटात जाऊन पोचला नाही. हे आत्याला सांगितलं तेव्हा तिनं नातवाकडे असं पाहिलं की त्यानं मोबाइल उलटा ठेवला. आत्याची श्रेणी एक, म्हणजे फझेकास ह्या ऑस्ट्रियन डॉक्टरांच्या नावानं चालणाऱ्या शून्य ते तीन पायऱ्यांच्या मापात खालून दुसरी, ठिपक्याठिपक्यांची.

दुसरी गोष्ट बघून संशोधकांनाही आपलं माप तपासून घ्यावंसं वाटलं असेल. साधारण दहातल्या एकाचे डाग मधल्या काळात कमी झाले होते. थोड्यांच्या पोकळ्या आणि काळे ठिपके पुढच्या चित्रात सापडलेच नाहीत. एडिनबरात जोआना वॉर्डलॉ ह्यांच्या गटानं २०१७ साली सौम्य पक्षाघात झालेल्या १९० रुग्णांबद्दल लिहिलं, त्यात वर्षभरानंतर ७१ जणांचे डाग आकारानं घटलेले होते. तर आत्या, जातात. सगळ्यांचे नाही, पूर्ण नाही, पण काहींचे कमी होतात.

हे कसं शक्य आहे? मेलेली तार परत उगवत नाही. पण पांढरा दिसणारा प्रत्येक ठिपका मेलेल्या तारेचा नसतो. एमआरआयच्या त्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. वाहिनी झिरपली की आसपास ओल धरते, भिंतीला पावसाळ्यात धरते तशी, आणि ओलही डागासारखीच दिसते. गळती थांबली तर ओल वाळू शकते. पोपडे निघाले असतील तर ते मात्र तसेच राहतात. रिपोर्टातल्या एका शब्दाखाली ओल आणि पोपडे दोन्ही येतात, आणि एका चित्रावरून ते वेगळे करणं अवघड. अर्थात मोजमापातली चूकही थोडी असतेच, डोकं किंचित वाकडं ठेवलं तरी आकडा हलतो. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी तेच दिसल्यावर सगळं चुकीवर ढकलता येत नाही.

मग असा विचार आला की पाच वर्षांनी एकदा बघणं म्हणजे फारच लांबून बघणं. एखादा बारीक झटका ताजा असताना एमआरआयच्या एका खास चित्रात लखलखीत दिसतो, पण ते लखलखणं दोन-तीन आठवड्यांत विझतं. पाच वर्षांनी कोण ओळखणार की हा डाग झटक्याचा की झिरपण्याचा? म्हणून नायमेखनच्या ५४ जणांचा दर महिन्याला एमआरआय काढला, सलग १० महिने. दर महिन्याला त्या खडखडणाऱ्या नळीत अर्धा-पाऊण तास स्तब्ध पडून राहायचं, स्वतःला काडीचा फायदा नसताना. काहींच्या चित्रात ताजे, काही मिलिमीटरचे झटके सापडले, आणि त्या माणसांची त्या महिन्यात तक्रार काहीच नव्हती. पुढच्या महिन्यांत त्या जागांचं काय झालं हेही बघता आलं: कुठे पोकळी झाली, कुठे नुसता पांढरा डाग राहिला, कुठे माग उरलाच नाही. पांढऱ्या डागांची सगळी वाढ ह्या छोट्या झटक्यांनी समजावता येत नाही, एवढंही त्यातून कळलं. म्हणजे झिरपणं, रक्ताची उपासमार आणि झटके, तिन्ही आपापल्या वाटेनं शेत खराब करतात.

घरातल्यांना ह्यातलं काय दिसतं? अल्झायमरमध्ये माणूस सकाळी जेवलो की नाही ते विसरतो. बारीक वाहिन्यांच्या आजारात पुष्कळदा आठवण शाबूत असते, घोडं अडतं ते जुळवाजुळवीत. बाईला कुकर लावायचा आठवतो, आमटीची फोडणीही आठवते, पण एकीकडे शिट्ट्या मोजत दुसरीकडे फोडणी आणि मध्येच दूधवाल्याला सुट्टे पैसे, हे जमेनासं होतं. उत्तर येतं, पण उशिरा. आणि उत्साह जातो. काही दुखत नाही, रडू येत नाही, फक्त काही करावंसं वाटत नाही. घरचे 'आळशी झालेत', 'हट्टी झालेत' म्हणतात. मला हा भाग वाचताना आमच्याच घरातली दोन-तीन गेलेली माणसं आठवली, ज्यांच्यावर आम्ही उगाच चिडलो.

पण इथेही एक पेच आहे. ७० वर्षांच्या माणसाला चाचणीत कमी गुण पडले, तर तो घसरला की आधीपासूनच तेवढा होता? ह्याचं उत्तर स्कॉटलंडमध्ये जवळजवळ नशिबानं मिळालं. ४ जून १९४७ ला तिथल्या शाळांतल्या ११ वर्षांच्या बहुतेक सगळ्या मुलांची, ७०,००० हून जास्त मुलांची, एकाच दिवशी बुद्धिचाचणी घेतली होती आणि त्या नोंदी टिकून राहिल्या. त्यातल्या एडिनबराच्या परिसरातल्या १,०९१ जणांना सत्तरीच्या आसपास शोधून तीच चाचणी पुन्हा दिली, आणि पुढे अनेकांचे एमआरआय काढले. सत्तरीतल्या गुणांमधल्या फरकाचा साधारण अर्धा भाग अकराव्या वर्षीच्या गुणांतून आधीच दिसत होता. डागांना दोष देण्याआधी शाळेचं प्रगतिपुस्तक बघायला हवं, असा त्याचा अर्थ. अशा नोंदी किती देशांकडे असतील!

उपाय म्हणाल तर अजून डागांवर असं औषध नाही. सगळ्यात ठोस पुरावा आहे तो बीपीचा. अमेरिकेत ९,३६१ जणांवर झालेल्या स्प्रिंट चाचणीत वरचं बीपी १४० च्या खाली ठेवणं आणि १२० च्या खाली ठेवणं अशी तुलना केली. ज्यांच्या मेंदूचे एमआरआय सुरुवातीला आणि साधारण ४ वर्षांनी झाले, त्यांच्यात काटेकोर गटाचे डाग सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरनं वाढले, ढिल्या गटाचे १.४५ नं. विचारशक्तीची सौम्य घसरणही काटेकोर गटात कमी लोकांत दिसली. मात्र मधुमेह असलेले आणि आधी पक्षाघात झालेले ह्या चाचणीत घेतले नव्हते, तेव्हा १२० हा आकडा सगळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवायचा नाही. म्हाताऱ्या माणसाचं बीपी घाईनं उतरवलं तर तो बाथरूममध्ये पडतो. आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

दुसरी गोष्ट अ‍ॅस्पिरिनची. रिपोर्टात 'इस्केमिक' दिसलं की शेजारचे काका रक्त पातळ करायची गोळी सुचवतात. ज्याला पक्षाघात झालेला नाही, फक्त डाग दिसले आहेत आणि दुसरं कारण नाही, त्याला त्यासाठी ही गोळी देऊ नये असं युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशननं २०२१ मध्ये सांगितलं. ज्यांना बारीक वाहिनीचा पक्षाघात खरोखर झाला होता अशा ३,०२० रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनला दुसरी तशीच गोळी जोडून पाहिली, तर पुढचे झटके फारसे टळले नाहीत आणि रक्तस्राव जवळजवळ दुप्पट झाला. चारी ढासळलेली असताना पाणी पातळ करून काय होणार? ज्यांना हृदयासाठी किंवा झालेल्या पक्षाघातासाठी गोळी चालू आहे त्यांनी मात्र हे वाचून ती आपल्या मनानं बंद करायची नाही.

आत्यानं बीपीची वही घातली आहे. जुन्या डायरीची मागची पानं, सकाळ-संध्याकाळ दोन आकडे, आणि ज्या दिवशी लोणचं जास्त झालं त्या दिवशी समोर फुली. दिवाळीत मी परत गेले तेव्हा गालिचाची गोष्ट तिला फार आवडली, म्हणून आम्ही देवघरापासून गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत तिची पावलं मोजली. एकोणीस. नातवानं मोबाइलवर वेळही लावली. वहीत तारीख घालून लिहिलं.

"आता पुढच्या दिवाळीला परत," मी म्हणाले. "इथूनच निघायचं, आणि चप्पल हीच घालायची. नवी आणलीस तरी."

"आणि तू ये म्हणजे झालं," आत्या म्हणाली आणि वही देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली.